तो दिवा रवी वर्मांचा नाही: हळदणकरांच्या 'ग्लो ऑफ होप'ची गोष्ट

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही किंवा लोकलमध्ये रेंज जाते त्यांच्यासाठी हा या वेळच्या एपिसोडचा लेखी अवतार. बोललोय तसंच ठेवलंय, फक्त माझं "अं... म्हणजे..." थोडं कमी केलंय. ऑडिओत मागे जो आवाज येतोय तो पत्र्यावरच्या पावसाचा आहे. भातसानगरला घरी बसून रेकॉर्ड केलंय, आणि जुलैमध्ये इथे पावसाला म्यूट करता येत नाही.

सुरू करण्याआधी एक काम करा. फोनवर 'हळदणकर ग्लो ऑफ होप' असं सर्च करा आणि ते चित्र समोर उघडून ठेवा. साडी नेसलेली एक तरुणी उभी आहे. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा ज्योतीला आडोसा. आजूबाजूला अंधार. बघितल्याबरोबर म्हणाल, "अरे, हे तर माहितीये!" कॅलेंडरवर, दिवाळीच्या शुभेच्छांमध्ये, कुणाच्या तरी स्टेटसला, कुठे ना कुठे तुम्ही ते बघितलेलं असणार.

मलाही माहिती होतं. गेल्या दिवाळीत मी ते आमच्या शाळेच्या ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, "राजा रवी वर्मा यांचे अप्रतिम चित्र. शुभ दीपावली." कुठून तरी आलेलं, तसंच पुढे ढकललं. पंचवीस-तीस हार्ट आले. आणि मग आमच्या चित्रकलेच्या सरांचा मेसेज आला. सर आता रिटायर झालेत, ग्रुपवर सहसा काही बोलत नाहीत. त्यांनी एकच ओळ लिहिली होती: "चित्र बघितलंस का, की नुसतंच फॉरवर्ड केलंस?"

मी गुपचूप मेसेज डिलीट केला. पण दुसऱ्या दिवशी फराळाचा डबा घेऊन सरांकडे गेलो. आजचा एपिसोड म्हणजे त्या दिवशी सरांनी जे दाखवलं, आणि नंतर मी जे शोधून वाचलं, त्याची बेरीज आहे.

आधी नाव

हे चित्र सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचं. जन्म १८८२, सावंतवाडीचा. मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, १९०८ मध्ये मुंबईतच स्वतःची कलासंस्था काढली, तिथे मुलांना घडवलं. १९१८ मध्ये आर्ट सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था सुरू झाली, तिच्या संस्थापकांपैकी ते एक. १९६८ मध्ये गेले. म्हणजे कोकणातून आलेला, मुंबईत मास्तरकी करत चित्रं काढणारा हा आपल्याच मातीतला माणूस.

आणि चित्रातली ती तरुणी? ती त्यांची मुलगी, गीता. दिवाळीच्या दिवसांत साडी नेसलेल्या, हातात दिवा घेतलेल्या गीताला वडिलांनी बघितलं आणि तिथे हे चित्र सुचलं. मग तिला समोर उभं करून त्यांनी ते रंगवलं. पुढे त्या गीता उपळेकर झाल्या, कोल्हापूरला राहिल्या, आणि २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी गेल्या. तेव्हा पेपरांत बातमी आली होती.

आता एक सोपं गणित करा. २०१८ मधून १०२ वजा केले की येतात १९१६. राजा रवी वर्मा वारले १९०६ मध्ये. म्हणजे चित्रातली मुलगी जन्माला आली तीच रवी वर्मा जाऊन साधारण दहा वर्षं झाल्यावर. बाकी कुठलाही पुरावा लागत नाही. व्हॉट्सॲपवर कुणी वाद घातला तर एवढी एक वजाबाकी पाठवून द्या.

मग ही गल्लत होते कशी? मला दोन कारणं दिसतात. पहिलं, रवी वर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. त्यांच्या चित्रांच्या छापील प्रती घराघरात, देवघरात गेल्या. तेव्हापासून आपल्या डोक्यात एक समीकरण पक्कं बसलंय: जुनं चित्र, सुंदर साडी, खरीखुरी वाटणारी बाई, म्हणजे रवी वर्मा. दुसरं, हे मूळ चित्र म्हैसूरला जगनमोहन पॅलेसमधल्या जयचामराजेंद्र आर्ट गॅलरीत आहे. आणि त्याच गॅलरीत रवी वर्मांचीही चित्रं आहेत. एका छताखाली बघितलेल्या चित्रांवर लोकांनी एकच नाव चिकटवलं.

सर म्हणाले, "नाव सोड एक वेळ. पण चित्राकडे नीट बघितलं असतंस ना, तरी तुला शंका आली असती. रवी वर्मा प्रसिद्ध आहेत ते तैलरंगांसाठी. हे ऑइल नाहीये. हे वॉटर कलर आहे. कागदावर."

इथे मी पहिल्यांदा थांबलो. कारण मी शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्यात, आणि वॉटर कलरमध्ये अंधार रंगवणं काय असतं ते मला माहिती आहे. म्हणजे, मला ते जमत नाही हे मला माहिती आहे.

पांढरा रंग डबीतच ठेवा

तुमच्यापैकी ज्यांनी या परीक्षा दिल्यात त्यांना वस्तुचित्र आठवत असेल. समोर टेबलावर तांब्या, एखादं वांगं, मागे कापड. तांब्यावर खिडकीतला उजेड चमकतोय. तो चमकणारा ठिपका कसा दाखवायचा? आपण पोरं काय करायची? सगळा तांब्या रंगवून घ्यायची आणि शेवटी वरून पांढऱ्या रंगाचा एक टिपका द्यायची. पोस्टर कलरमध्ये हे चालतं, कारण तो रंग जाड असतो, खालचं झाकून टाकतो. ऑइलमध्येही चालतं.

सर वर्गात फिरत ओरडायचे, "पांढरा रंग डबीतच ठेवा!" कारण वॉटर कलर पारदर्शक असतो. उजेड रंगाच्या थरातून आत जातो, खालच्या पांढऱ्या कागदावर आपटतो आणि पुन्हा रंगातून बाहेर येतो. म्हणून त्या चित्रांना आतून उजळल्यासारखं तेज असतं. पण याचाच अर्थ असा की सर्वात जास्त उजेड म्हणजे कोरा कागद. त्याहून पांढरं तुमच्याकडे काहीच नाही. उजेड वरून *लावता* येत नाही, तो पहिल्यापासून *राखून ठेवावा* लागतो.

आता हे हळदणकरांच्या चित्राला लावून बघा. अख्खं चित्र अंधाराचं. तो अंधार आला कुठून? पातळ रंगाचे थर एकावर एक देऊन. आधी फिकट, मग गडद, मग अजून गडद. प्रत्येक थर वाळू द्यायचा, नाहीतर खालचा रंग सुटतो आणि सगळं मळकट होतं. आणि हे सगळं करताना चेहरा, बोटं, पदराच्या कडा, जिथे जिथे उजेड हवाय तिथला कागद वाचवायचा. पूर्ण कोरा नव्हे, कुठे नुसती पिवळट झाक, कुठे केशरी, पण त्यावर अंधाराचा एक थेंबही पडता कामा नये. पडला तर तो ओला असेपर्यंत थोडाफार टिपून घेता येतो. एकदा कागदाने पिऊन टाकला की संपलं.

मी दिवसभर कोड लिहितो. चुकलं की कंट्रोल झेड. अजून चुकलं की कालच्या व्हर्जनवर परत. हळदणकरांकडे कालचं व्हर्जन नव्हतं. हेच चित्र त्यांना तैलरंगात सोपं गेलं असतं: आधी सगळा कॅनव्हास काळोखा करायचा आणि शेवटी त्यावर उजेड ठेवायचा. त्यांनी मुद्दाम अवघड बाजू निवडली. उजेडाच्या, म्हणजे राखलेल्या कागदाच्या बाजूने अंधाराकडे जायचं.

ती बोटं लाल का?

चित्र झूम करा. हातावर या. ज्योतीच्या आड जो हात आहे, त्याच्या बोटांच्या कडा आणि फटी तांबूस पेटल्यासारख्या दिसतायत. लोक या जागी थांबतात आणि म्हणतात, "खरंच दिवा लावलाय असं वाटतं."

सरांकडे हे बोलत असतानाच मी फोनचा टॉर्च लावला आणि बोटांवर धरला. तुम्हीही करा. खोलीतला दिवा बंद करा, टॉर्चवर बोटं जुळवून ठेवा. लाल दिसतात ना? टॉर्च तर पांढरा आहे. मग लाल कुठून?

कारण आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन निळा आणि हिरवा प्रकाश गिळून टाकतं, लाल प्रकाश मात्र बराचसा जाऊ देतं. पांढऱ्या उजेडातून निळा-हिरवा काढला की उरतो लाल. कोरोनात आपण बोटाला लावायचो ते ऑक्सिमीटर याच तत्त्वावर चालतं: लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश बोटातून पाठवायचा आणि किती पोचला ते मोजायचं. फोनच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून नाडीचे ठोके मोजणारी ॲप्सही त्याच कुळातली.

आता फरक बघा. टॉर्चने बोट सरसकट लाल होतं. पण तेलाच्या दिव्याचा उजेड मंद. तो बोटाच्या मधल्या जाड भागातून फारसा येत नाही, तिथे हाडही असतं. तो कडांना आणि दोन बोटांच्या मधल्या पातळ कातडीत दिसतो. म्हणून चित्रकाराला बोटाच्या रुंदीत गडद, तांबडं, केशरी, पिवळं अशा सगळ्या छटा बसवाव्या लागतात. सगळीकडे सारखा लाल दिला असता तर हात मेणाचा वाटला असता. आपल्याला तो जिवंत वाटतो, कारण आपण जे बघतोय ते खरोखर रक्तातून गाळून आलेल्या उजेडाचं चित्र आहे. एका बापाने आपल्या मुलीच्या हातातलं रक्त रंगवलंय.

अंधार एवढा जवळ का?

दुसरी गंमत चित्राच्या रचनेत आहे. उजेडाचा एक नियम आपण शाळेत शिकलोय: अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई, तिप्पट झालं की नववा हिस्सा. छोट्या दिव्याला हा नियम लगेच लागू पडतो. ज्योतीपासून चेहरा एक वीत आणि साडीच्या निऱ्या तीन विती लांब असं धरलं, तर निऱ्यांवर चेहऱ्याच्या नऊपट कमी उजेड. मागच्या भिंतीपर्यंत तर काहीच उरत नाही.

म्हणून चित्रात लक्ष कुठे जावं हे दिवाच ठरवतो. हात, चेहरा, मग पदर, मग काळोख. मागे सामान नाही, खिडकी नाही, दुसरं माणूस नाही. बघणाऱ्याच्या डोळ्याला भटकायला जागाच ठेवलेली नाही.

आणि लहानपणी हनुवटीखाली बॅटरी धरून भुताचा चेहरा करायचो, आठवतंय? खालून आलेला उजेड चेहरा भेसूर करतो. इथेही उजेड खालूनच येतोय, तरी ती भेसूर का दिसत नाही? कारण दिवा हनुवटीला चिकटलेला नाही, छातीच्या उंचीवर, अंगापासून जरा पुढे आहे. उजेड समोरून तिरका चढतो. आणि मधे हात आहे, तो उजेडाला गाळून मऊ करतो. म्हणजे जो हात वाऱ्यापासून ज्योत वाचवतोय, तोच हात तिचा चेहरा सुंदर ठेवतोय. एका हाताला दोन कामं. मला विचाराल तर अख्ख्या चित्राचं इंजिनिअरिंग त्या हातात आहे.

घरी येऊन मी बहिणीला दिवा घेऊन तसं उभं राहायला सांगितलं. पाच मिनिटांत म्हणाली, "दादा, हात भरून आला, आटप लवकर." तेव्हा कळलं की या चित्रात हळदणकरांच्या कष्टाइतकेच गीताताईंचेही कष्ट आहेत.

पॅरिसमधला दुसरा हात

ज्योतीसमोर हात, बोटांतून उजेड. ही कल्पना जगात आणखी एका चित्रात फार सुंदर आलीय. फ्रान्सचा जॉर्ज द ला तूर. साधारण १६४२ सालचं त्याचं 'सुतार योसेफ' हे चित्र पॅरिसच्या लूव्र म्युझियममध्ये आहे. म्हातारा योसेफ वाकून लाकडाला भोक पाडतोय, आणि समोर छोटा येशू त्याला मेणबत्ती दाखवतोय. पोराने ज्योतीला हात आडवा धरलाय आणि त्याची बोटं उजेडाने पारदर्शक झालीयत. ते ऑइलमध्ये आहे. दोन्ही चित्रं फोनवर शेजारी शेजारी ठेवून बघा, अर्धा तास कसा गेला कळणार नाही.

पण मला खरा धक्का पुढच्या गोष्टीने बसला. ला तूर १६५२ मध्ये वारला आणि त्यानंतर जग त्याला विसरलं. त्याची चित्रं होती, लोक बघत होते, पण ती दुसऱ्याच चित्रकारांच्या नावावर लावली जात होती. १९१५ मध्ये हर्मन फॉस नावाच्या जर्मन अभ्यासकाने धागे जुळवले, तेव्हा कुठे त्याचं नाव त्याच्या चित्रांना परत मिळायला लागलं. म्हणजे अडीचशेपेक्षा जास्त वर्षांनी.

ही गोष्ट मी नंतर सरांना फोन करून सांगितली. ते थोडा वेळ गप्प होते. मग त्यांनी मला पूर्वी कधीच न सांगितलेलं एक सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीला ते एका दुसऱ्या शाळेत होते. तिथल्या हॉलच्या भिंतीवर त्यांनी सुट्टीचे दिवस घालून भातलावणीचं मोठं चित्र काढलं होतं. काही वर्षांनी भिंतीला रंग द्यायचा ठरला. चित्र चांगलं होतं म्हणून ठेवलं. चारी बाजूंनी रंग देताना खालच्या कोपऱ्यातली सही मात्र पुसली गेली. "चित्र अजून आहे," सर म्हणाले. "पोरं त्याच्यासमोर फोटो काढतात. कुणी काढलं विचारलं, तर म्हणतात जुनं आहे, पहिल्यापासून आहे."

तेव्हा मला त्या एका ओळीच्या मेसेजमागचा राग कळला. मी काही फार मोठा गुन्हा केला नव्हता. ज्याने रंग दिला त्यानेही केला नव्हता. नाव असंच जातं. कुणी चोरत नाही, नुसतं कुणी राखत नाही. आमच्या भातसाचंच बघा ना. धरणाचं पाणी रोज मुंबईच्या नळाला जातं. तिथे माझ्या ऑफिसमधल्या किती जणांना भातसा नदी कुठे आहे हे माहिती असेल?

आता तुमच्यासाठी होमवर्क

एक. आज रात्री लाईट गेली, आणि आपल्याकडे पावसाळ्यात जातेच, तर लगेच टॉर्च लावू नका. देवघरातलं निरांजन लावा, ज्योतीसमोर हात धरा आणि बोटांच्या कडा बघा. हळदणकरांनी काय बघितलं होतं ते कुठल्याही व्हिडिओपेक्षा पटकन कळेल. पण जपून, ओढणी, पदर लांब ठेवा.

दोन. येत्या दिवाळीत हे चित्र तुमच्या ग्रुपवर येणारच, आणि खाली चुकीचं नाव असणारच. भांडू नका. फक्त खाली एवढं लिहा: चित्रकार सावळाराम हळदणकर, मॉडेल त्यांची मुलगी गीता, जलरंग, मूळ चित्र म्हैसूरला. चार गोष्टी, एक मेसेज.

मी आमच्या ग्रुपवर चित्र पुन्हा टाकलं, या वेळी पूर्ण माहितीसकट. पहिल्या वेळेपेक्षा हार्ट कमी आले, खरं सांगतो. सरांनी अंगठा दिला. आणि पुढच्या रविवारी आम्ही दोघं त्या दुसऱ्या शाळेत जाणार आहोत. मुख्याध्यापकांशी फोनवर बोलणं झालंय, ते हो म्हणालेत. सरांनी ब्रश धुऊन ठेवलाय. कोपऱ्यात सही करायला पाच मिनिटंही लागणार नाहीत.

तुमच्या शाळेत, देवळात, एसटी स्टँडवर असं एखादं बिननावाचं चित्र असेल, तर काढणाऱ्याचं नाव शोधा आणि मला कळवा. पुढच्या एपिसोडमध्ये वाचून दाखवेन. तोपर्यंत, भेटू!